होडी कुठे थांबवावी : उजनीच्या फुगवट्यावरील पाणपक्ष्यांचे छायाचित्रण

लहान होडीतून पाणपक्ष्यांची छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्याला सर्वाधिक चिंता असते ती लेन्सची. वास्तविक त्या छायाचित्राचा बराचसा निकाल कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच लागून गेलेला असतो : होडी कोणत्या दिशेने आणली, किती अंतरावर थांबवली आणि ती थांबल्यावर पक्ष्याने आपले खाणे चालू ठेवले की मान वर केली, यावर तो अवलंबून असतो. काठावर उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला जागा बदलण्याची मुभा फार थोडी असते. होडीत ती पुष्कळ मिळते, पण तिच्याबरोबर दोन अडचणीही येतात. एक म्हणजे बसण्याचा आधार सतत हलत राहतो, आणि दुसरी म्हणजे पक्ष्यांच्या खाण्याच्या व विश्रांतीच्या जागेत माणसाला थेट शिरता येते. पहिलीवर तंत्राने मात करता येते. दुसरीला संयमाखेरीज उपाय नाही, आणि छायाचित्राच्या दर्जाशीही तिचाच संबंध अधिक जवळचा आहे.

महाराष्ट्रात या प्रकारच्या छायाचित्रणाची सर्वांत परिचित जागा म्हणजे उजनी जलाशयाचा भिगवणजवळचा भाग. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जलाशयाची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, असून धरणाच्या भिंतीपासून नदीच्या वरच्या अंगाला पसरलेले पाणी, ज्याला फुगवटा म्हणतात, सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांच्या हद्दींना भिडते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या भिगवणपासून डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव या बाजूला हा फुगवटा उथळ आणि चिखलाचा होत जातो, आणि तेथील मच्छीमारांच्या होड्यांतूनच छायाचित्रकार पाण्यावर जातात.

निघण्यापूर्वी पाहावी ती धरणाची टक्केवारी. वृत्तपत्रांतून येणारा हा आकडा शेतकऱ्यांसाठी छापला जातो, परंतु पक्षी कुठे आणि कोणते असतील, याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय काठोकाठ भरलेला असला की उथळ जागा खोल पाण्याखाली असतात आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना तेथे काहीच मिळत नाही. कालव्यांची आवर्तने सुरू होऊन पाणी उतरू लागले की काठाचा गाळ उघडा पडतो, त्यातील किडे, अळ्या, शिंपले आणि शेवाळ पक्ष्यांच्या आटोक्यात येते आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, त्या भागात उतरतात. पाणी फारच भराभर उतरले तर हेच पक्षी होडी पोहोचू शकणार नाही इतक्या आत सरकतात. त्यामुळे तारखेपेक्षा पातळी महत्त्वाची. गेल्या वर्षी जानेवारीत रोहित दिसले म्हणून यंदाच्या जानेवारीत ते त्याच जागी असतील, असे गृहीत धरता येत नाही. हिवाळ्याच्या मध्यावर पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे हंसवर्गीय पक्षी, तसेच चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदक यांचे थवे असतात. चित्रबलाक, चमचे, शराटी, राखी बगळे, पाणकावळे आणि नदी सुरय तर बहुतेक सर्व काळ दिसतात, आणि नवशिक्याने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी, कारण माणसांच्या वावराला ते अधिक सरावलेले असतात.

होडीची जागा ठरवताना प्रकाश आणि वारा यांचा एकत्र विचार करावा लागतो. प्रकाशाचा विचार बहुतेक छायाचित्रकार करतात. वाऱ्याचा फार थोडे करतात आणि तेथेच चुकतात. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतो आणि तसाच उतरतो, कारण समोरून येणाऱ्या हवेमुळे कमी वेगातही पंखांना पुरेशी उचल मिळते. रोहित, पाणकावळा आणि वारकरी यांसारख्या पक्ष्यांना तर उडण्यापूर्वी पाण्यावरून काही अंतर धावावे लागते, आणि ती धाव वाऱ्याच्या विरुद्ध असते. सूर्य आणि वारा दोन्ही होडीच्या पाठीशी असतील, तर आपणहून उडणारा पक्षी होडीच्या बाजूला तोंड करून, अंगावर प्रकाश घेऊन वर येतो. वारा पक्ष्यांच्या मागून होडीकडे वाहत असेल, तर पक्षी पाठ दाखवून दूर जातो, आणि मग कितीही महाग लेन्स असली तरी शेपट्यांचीच छायाचित्रे मिळतात. दोन्ही गोष्टी एका रेषेत नसतील तेव्हा प्रकाश पाठीशी ठेवून वारा बाजूने घ्यावा, म्हणजे निदान पक्षी कडेने उडताना मिळतो.

भिगवण आणि कुंभारगाव ही गावे जलाशयाच्या दक्षिण तीरावर आहेत. थंडीत सूर्य आग्नेयेला उगवत असल्यामुळे तेथून उत्तरेकडे निघालेल्या होडीला सकाळी प्रकाश आपोआप पाठीमागून व काहीसा उजवीकडून मिळतो, आणि संध्याकाळी तो नैर्ऋत्येकडून मिळतो. मात्र पाण्यावर आत गेल्यावर होडी फिरते, आणि पक्ष्यांच्या पलीकडे जाऊन मागे वळताना समोर सूर्य येतो, हे विसरले जाते. नावाड्याला पक्षी दाखवण्याची घाई असते. त्याला निघतानाच शांतपणे सांगावे की ऊन पाठीमागे ठेवून बाजूने चला. दुसरी एक बाब अशी की वारा पाठीशी असला की होडी इंजिन बंद केल्यावरही पक्ष्यांकडे वाहत जाते. हा संथ प्रवास पक्ष्यांना सर्वांत कमी बिचकवणारा असतो, त्याचा उपयोग करून घ्यावा. पण तो कुठे थांबवायचा हे आधी ठरलेले असले पाहिजे, आणि गाळात बांबू रोवून होडी जागीच धरून ठेवण्यास नावाडी तयार असला पाहिजे.

पक्ष्यांजवळ जाण्याची रीत हा या कलेचा गाभा आहे, म्हणून तिचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक ठरते. थव्याच्या दिशेने सरळ येणारी वस्तू पक्ष्याला धोका वाटते. तीच वस्तू तिरकी, जणू दुसरीकडेच निघाली आहे अशा बेताने, थांबत थांबत आली तर तो तिला बराच काळ जवळ येऊ देतो. म्हणून होडी नागमोडी मार्गाने आणावी, इंजिन बरेच आधी बंद करावे आणि पुढचे अंतर वल्ह्याने किंवा बांबूने कापावे. थांबल्यावर काही मिनिटे कॅमेरा उचलूच नये. होडीतील माणसांनी उभे राहू नये, हात लांब करून बोट दाखवू नये आणि बोलायचेच असेल तर हलक्या आवाजात बोलावे. कपडे मातकट रंगाचे असावेत हे खरे, परंतु रंगापेक्षा अचानक हालचाल आणि वाढलेली उंची पक्ष्याला अधिक खटकते.

पक्षी अस्वस्थ झाल्याची लक्षणे वाचता येणे हे कॅमेऱ्यातील कोणत्याही सुविधेपेक्षा अधिक मोलाचे आहे. रोहित पक्ष्याचे खाणे डोके खाली घालून चालते. तो बाकदार चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत ओढून बाहेर टाकतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक पट्ट्यांमधून अन्न गाळून घेतो. असा चरणारा एखादा पक्षी मधूनच डोके वर काढतो, चोचीतून पाणी निथळते, तो क्षणभर थांबून पुन्हा डोके खाली घालतो. हा क्षण छायाचित्रासाठी उत्तम असतो आणि त्यात काहीही वावगे नसते. पण एकाच वेळी पाच-दहा माना ताठ उभ्या राहिल्या, चोची एकाच दिशेला वळल्या आणि थव्याची होडीकडील कड हळूहळू उलट दिशेने चालू लागली, तर होडी मर्यादेपलीकडे आली आहे असे समजावे. त्या वेळी जागीच थांबणेही पुरेसे नसते. थोडे मागे सरकावे, आणि माना पुन्हा खाली गेल्याशिवाय पुढे येऊ नये. बदके आणि पट्टकादंब हीच अस्वस्थता वेगळ्या रीतीने दाखवतात : झोपलेले पक्षी पंखांत खुपसलेली चोच बाहेर काढतात, बसलेले उभे राहतात, एकमेकांना हाका देण्याचे प्रमाण वाढते आणि उडण्याच्या बेतात असलेला पक्षी पुष्कळदा शीट टाकतो.

थवा उठवल्याने पक्ष्याचे काय बिघडते, असा प्रश्न विचारला जातो. पट्टकादंब रात्री शेतांत व गवताळ भागांत चरतात आणि दिवसा पाण्याच्या काठी विश्रांती घेतात; त्यामुळे दिवसा त्यांना वारंवार उठवणे म्हणजे त्यांची झोप मोडणे होय. थापट्या, रोहित यांसारख्या दिवसा चरणाऱ्यांचे खाणे तुटते आणि उड्डाणात शक्ती खर्च होते. हिवाळ्याच्या अखेरीस या पक्ष्यांना परतीच्या लांब प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. रविवारी सकाळी एकामागून एक दहा होड्या त्याच थव्याकडे गेल्या आणि प्रत्येकीने त्याला एकदाच उठवले, तरी पक्ष्यांच्या वाट्याला दहा उड्डाणे येतात. ‘आम्ही एकदाच उठवला’ या समर्थनाला म्हणूनच अर्थ उरत नाही.

येथे नावाड्याला दोष देण्याची सवय सोडून द्यावी. होडी थव्यात घालण्याची मागणी बहुधा ग्राहकांकडून येते. उडणाऱ्या थव्याचे दृश्य पाहून टाळ्या वाजतात, वर बक्षिसीही मिळते, आणि मग त्यालाही तेच आपले काम वाटू लागते. फुगवट्यावरील अनेक नावाडी पिढीजात मच्छीमार आहेत. पाण्याची खोली, गाळाची जागा, कोणता पक्षी कोणत्या वेळी कुठे बसतो, हे ते कोणत्याही पुस्तकाहून अधिक अचूक सांगतात. निघण्यापूर्वीच त्यांना स्पष्ट सांगावे की पक्षी उठवायचा नाही, दोन-तीन जागीच थांबायचे आहे, फेऱ्या नकोत, आणि त्यासाठी लागणाऱ्या जादा वेळाचे पैसे मोजून द्यावेत. चार-पाच जणांनी एक होडी वाटून घेण्यापेक्षा दोघांनीच ती घेणे खर्चाचे असले तरी छायाचित्रासाठी निःसंशय चांगले, कारण होडी कमी हलते आणि कुठे किती वेळ थांबायचे यावर मतभेद होत नाहीत.

सुरय किंवा कुरव जवळ यावेत म्हणून फरसाण, शेव किंवा मासळीचे तुकडे पाण्यावर फेकण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. तो टाळावा. तळलेले, खारट पदार्थ पक्ष्यांचे अन्न नव्हे, आणि आमिषासाठी झगडणाऱ्या पक्ष्याच्या छायाचित्रात त्याचे स्वाभाविक वागणे दिसत नाही. याला एक सरळ पर्याय आहे : संध्याकाळी लावलेली जाळी मच्छीमार पहाटे ओढतात, त्या वेळी सुरय, कुरव, घारी आणि बगळे आपणहून होड्यांभोवती गोळा होतात. मच्छीमाराची परवानगी घेऊन, त्याच्या कामात अडथळा येणार नाही इतक्या अंतरावर आपली होडी उभी करावी. जाळ्यातून निसटलेल्या चिलापीवर सूर मारणारा सुरय हे उजनीचे खरेखुरे दृश्य आहे, आणि त्यासाठी कोणालाही काही फेकावे लागत नाही.

आता कॅमेऱ्याकडे वळता येईल. पाणपक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स सामान्यतः वापरली जाते. नाभीय अंतर जितके जास्त तितका दूरचा पक्षी चौकटीत मोठा दिसतो. होडीतून वापरायला १००-४००, १५०-६०० किंवा २००-६०० अशा झूम लेन्स एकाच नाभीय अंतराच्या मोठ्या लेन्सपेक्षा सोयीच्या, कारण होडीत मागेपुढे होता येत नाही आणि पक्षी अनपेक्षितपणे जवळ आला तर चौकट झूमनेच सैल करावी लागते. तिपाई घरी ठेवावी. ती होडीत जागा अडवते, तिच्यामुळे छायाचित्रकाराला उंच बसावे लागते आणि इंजिन चालू असताना होडीची थरथर ती थेट लेन्सपर्यंत पोहोचवते. त्याऐवजी होडीच्या कडेवर तांदूळ किंवा मूग भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी, किंवा कोपरे गुडघ्यांवर रोवून कॅमेरा हातातच धरावा; शरीर होडीचे हेलकावे बऱ्याच अंशी पचवते.

शटरगती म्हणजे संवेदकावर, अर्थात प्रतिमा टिपणाऱ्या चकतीवर, प्रकाश पडत राहण्याचा काळ. जमिनीवर हातातून छायाचित्र घेताना नाभीय अंतराच्या व्यस्तांकाइतकी, म्हणजे ६०० मिलिमीटरसाठी सेकंदाच्या १/६०० भागाइतकी, शटरगती किमान मानली जाते. होडीत ती निदान दुप्पट वेगवान ठेवावी. बसलेल्या किंवा तरंगणाऱ्या पक्ष्यासाठी १/१०००, चित्रबलाकासारख्या संथ पंखांच्या पक्ष्याच्या उड्डाणासाठी १/१६००, आणि सुरय, बदके किंवा सूर मारणारा कवड्या खंड्या यांच्यासाठी १/२५०० किंवा त्याहून वेगवान गती लागते. लेन्समधील प्रतिमास्थिरीकरणाची सोय हाताचा कंप कमी करते, पक्ष्याची हालचाल गोठवत नाही. त्या सोयीच्या भरवशावर शटरगती कमी करणे हे अस्पष्ट छायाचित्रांचे नेहमीचे कारण असते. वेगवान शटरमुळे कमी झालेला प्रकाश आयएसओ, म्हणजे संवेदकाची संवेदनशीलता, वाढवून भरून काढावा. आयएसओ वाढल्याने येणारे कण संगणकावर बरेचसे कमी करता येतात, हललेली प्रतिमा मात्र सुधारत नाही.

पाण्यावरील प्रकाशमापनात कॅमेरा हमखास फसतो. त्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम राखाडी छटेवर आणू पाहतो. गडद पाण्यावर पांढरा चमचा किंवा बगळा असला की प्रकाशमापक पाण्याच्या काळोखाकडे पाहून प्रकाश वाढवतो, आणि पक्ष्याची पिसे पांढऱ्या ठिपक्यात बदलतात, त्यांच्या रेषा नाहीशा होतात. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाच्या निर्णयात केलेली दुरुस्ती, उणे २/३ ते उणे १ ठेवावी. उलट चकाकत्या पाण्यावर किंवा आकाशासमोर पाणकावळा असेल तर ती अधिक बाजूला न्यावी. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ऊन स्थिर असताना सर्व मूल्ये हाताने निश्चित करणे : पक्ष्यावरचा प्रकाश तोच असतो, पक्षी काळ्या काठासमोरून आकाशासमोर गेला तरी बदलते ती केवळ पार्श्वभूमी. सूर्योदयानंतरच्या तासाभरात मात्र प्रकाश भराभर वाढतो, म्हणून दर काही मिनिटांनी हिस्टोग्राम, म्हणजे छटांच्या वाटपाचा आलेख, तपासावा. रोहिताच्या बाबतीत या आलेखातील लाल रंगाची कड स्वतंत्रपणे पाहावी, कारण पंखांचा गुलाबी-लाल भाग एकूण आलेख सुरक्षित दिसत असतानाच सपाट झालेला असू शकतो.

फोकस सतत बदलत राहणारा ठेवावा. अलीकडच्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखून त्याचा माग काढण्याची सोय असते आणि ती उपयुक्त आहे, परंतु गर्दीच्या थव्यात ती एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर उड्या मारते. तेथे एक लहान फोकसबिंदू निवडून तो हाताने पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवणे अधिक खात्रीचे. ६०० मिलिमीटर लेन्स, एफ ६.३ इतके छिद्र आणि २० मीटर अंतर असताना पुढेमागे मिळून जेमतेम ४० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, म्हणजे एका चित्रबलाकाची चोच आणि शेपूट दोन्ही नेहमीच त्यात मावतील असे नाही. होडी हलत असल्यामुळे क्षितिजही तिरपे होते, आणि पाण्याची तिरपी रेषा डोळ्याला लगेच खुपते; कॅमेऱ्यातील समतलदर्शक रेषा चालू ठेवावी.

होडीचा सर्वांत मोठा लाभ असा की तिच्यातून कॅमेरा पाण्याच्या जवळ आणता येतो. हा लाभ बहुतेकजण फळीवर बसून वाया घालवतात. वीस मीटरवर तरंगणाऱ्या बदकाचा डोळा पाण्यापासून साधारण २० सेंटिमीटर उंच आहे असे धरले आणि फळीवर बसलेल्याचा कॅमेरा १ मीटर उंचीवर असला, तर कॅमेऱ्यातून निघून बदकाच्या डोळ्यावरून जाणारी रेषा बदकामागे अवघ्या ५ मीटरवर पाण्याला टेकते. म्हणजे पार्श्वभूमी जवळची, लाटांच्या रेघोट्यांनी भरलेली येते. तोच कॅमेरा होडीच्या तळाशी बसून ४० सेंटिमीटरवर आणला तर ती रेषा बदकामागे २० मीटरवर जाऊन टेकते, पार्श्वभूमी चौपट दूर सरकते, तिच्यातील लाटा विरघळून एकसंध रंग उरतो आणि बदक त्याच्या स्वतःच्या उंचीवरून दिसते. यासाठी होडीच्या तळाशी चटई किंवा फोमचा तुकडा टाकून, कडेला पाठ किंवा खांदा टेकवून बसावे. एकाच वेळी सगळ्यांनी एका कडेला वाकू नये. होडी कलते आणि पाणी आत येते.

उन्हाचा आणखी एक परिणाम दुर्लक्षित राहतो. सकाळ सरली की तापलेला गाळ आणि पाणी यांवरून वर चढणारी हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी पाण्याखालून पाहिल्यासारखा वाकडातिकडा दिसतो. हा दोष लेन्सचा नसतो आणि कोणत्याही मांडणीने तो जात नाही. त्या वेळी दूरच्या थव्यांचा नाद सोडून जवळच्या पक्ष्यांकडे वळावे किंवा होडी काठाला लावावी. हिवाळ्यात पहिला दीड-दोन तासांचा काळ आणि सूर्यास्तापूर्वीचा तास यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही, हे मान्य करून वेळ आखणे शहाणपणाचे.

सुरक्षेबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. मे २०२४ मध्ये याच फुगवट्यात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचा वारा फारशी पूर्वसूचना न देता येतो, म्हणून मार्चपासून पुढे संध्याकाळची फेरी आकाश पाहूनच करावी आणि काळे ढग दिसताच परतावे. जीवरक्षक जॅकेट घालून त्याचे पट्टे आवळलेले असावेत. त्याचा भडक रंग पक्ष्यांना दिसतो म्हणून ते काढून बसण्याखाली घेणे हा शुद्ध अविचार होय. पोहता येत असले तरी गळ्यात कॅमेरा आणि पायात बूट असताना गाळाच्या पाण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही. पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती व झाडांची खोडे आहेत, पळसदेवचे पाण्यात गेलेले प्राचीन देऊळ तर पाणी उतरल्यावर दिसू लागते. अशा भागात होडीचा वेग नावाड्याने ठरवावा, छायाचित्रकाराने नव्हे. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळावा, लेन्स होडीत बदलू नये आणि बाकीचे सामान तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून दूर, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत ठेवावे.

खाडीत हेच छायाचित्रण करताना पातळीची जागा भरती-ओहोटी घेते. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत, म्हणजे इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झालेल्या कराराखालील पाणथळ जागांच्या यादीत, झाला. तेथे ओहोटीला पक्षी विस्तीर्ण चिखलावर विखुरतात आणि होडी त्यांच्याजवळ जाऊ शकत नाही, पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते नवी मुंबईच्या बाजूच्या पाणथळ जागांकडे उडून जातात. म्हणून चढत्या भरतीचा मधला काळ साधावा लागतो. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा ढोबळ हिशेब असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते : अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. खाडीत आतवर पाणी पोहोचण्यास आणखी थोडा वेळ लागतो, म्हणून छापील भरतीपत्रकही पाहावे. खारे पाणी कॅमेऱ्याला घातक असल्याने परतल्यावर तो ओलसर कापडाने पुसून मग कोरडा करावा. अभयारण्यात प्रवेश आणि छायाचित्रण वन विभागाच्या परवानगीनेच करता येते. गोव्यात चोडण बेटावरील सालिम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीच्या अरुंद वाटांमधून होडी जाते. तेथे प्रकाश कमी आणि पक्षी जवळ असल्यामुळे लांब लेन्सपेक्षा मोठ्या छिद्राची, अधिक प्रकाश आत घेणारी लेन्स कामाची.

विणीच्या काळाबाबत मात्र कोणताही पर्याय नाही. जलाशयाचे पाणी उतरल्यावर मार्च ते मे या महिन्यांत उघड्या पडलेल्या वाळूच्या आणि मातीच्या बेटांवर नदी सुरयांसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. ती मातीच्याच रंगाची असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, आणि होडीला बिचकून पालक पक्षी उडाला तर दुपारच्या उन्हात काही मिनिटांतच त्यांतील जीव धोक्यात येतो. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर जवळपास घरटे आहे असे समजून तत्काळ मागे फिरावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. या काळात बेटांवर उतरू नये, आणि घरट्यांच्या जागेची छायाचित्रे ठिकाणाच्या उल्लेखासह प्रसिद्ध करू नयेत.

छायाचित्रे संगणकावर उतरवल्यावर सुंदर तेवढी ठेवून बाकीची पुसण्याआधी प्रत्येक पक्ष्याच्या पायांकडे आणि मानेकडे एकदा मोठे करून पाहावे. पट्टकादंबांच्या मानेत मंगोलियातील अभ्यासकांनी घातलेली अक्षरे व आकडे असलेली रंगीत कडी भारतात अनेकदा आढळली आहेत, आणि किनाऱ्यावरील चिखलपक्ष्यांच्या पायात रंगीत झेंड्या असतात. पक्षी कोठून आला आणि किती वर्षे जगला, हे अशा एका वाचता येणाऱ्या आकड्यावरून कळू शकते. म्हणून छायाचित्र कितीही सामान्य असले तरी कड्याचा रंग, त्यावरील अक्षरे, तारीख, वेळ आणि ठिकाण यांची नोंद करून ती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे अवश्य पाठवावी.